हर्मान स्टाउडिंगर: रबराच्या रेणूसाठी सगळ्यांशी भांडलेला शास्त्रज्ञ

रबर नेमकं कशाचं बनलेलं असतं? शंभर वर्षांपूर्वी बहुतेक रसायनशास्त्रज्ञ सांगायचे, छोटे रेणू एकमेकांना चिकटून झालेल्या पुंजक्यांचं.

जर्मनीतल्या वर्म्स शहरात १८८१ मध्ये जन्मलेल्या हर्मान स्टाउडिंगर यांना हे पटेना. १९२० मध्ये झुरिकला प्राध्यापक असताना त्यांनी मांडलं की रबर म्हणजे पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेल्या लांबच लांब साखळ्या. सहकाऱ्यांनी हा नाद सोडायचा सल्ला दिला. त्यांनी प्रयोग केला. रबरातल्या दुहेरी बंधांमुळे रेणू चिकटतात, असा समज होता. म्हणून त्यांनी हायड्रोजन जोडून ते बंधच घालवले. तरीही रबराचे छोटे रेणू सुटे झाले नाहीत!

विरोध मावळायला वर्षं गेली. १९५३ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी त्यांना नोबेल मिळालं. १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं.

गंमत पुढेच आहे. नंतरच्या शास्त्रज्ञांनी हायड्रोजन बंधांसारख्या कमकुवत बंधांनी छोटे रेणू आपोआप जुळतील अशा साखळ्या मुद्दाम बनवल्या. तापवलं की त्या सुटतात, थंड झालं की पुन्हा जुळतात. हेच सुप्रामॉलिक्युलर पॉलिमर. रबराबाबत चुकलेली कल्पना इथे खरी ठरली.