मुंबईच्या रस्त्याचा चित्रकार

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७ मध्ये कोल्हापुरास झाला. चित्रकलेच्या ओढीने ते १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. (आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके त्यांच्याआधी पाच वर्षे त्याच शाळेत आले होते.) ग्रिफिथ्स साहेबांच्या हाताखाली शिकून ते तेथेच शिक्षक व पुढे मुख्याध्यापक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. आत्मचरित्रालाही त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असेच नाव दिले.

१८९५ मध्ये एका घरगुती प्रसंगाच्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. मग पौराणिक व ऐतिहासिक चित्रे, नवी दिल्लीच्या सचिवालयासाठी काम, रावबहादूर हा किताब, असे मानसन्मान येत गेले. परंतु प्रस्तुत लेखकाला खरे धुरंधर सापडतात ते त्यांच्या लहानसहान चित्रांत.

मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी काय पाहिले नाही! डोक्यावर ओझे घेऊन निघालेली बाई, फेरीवाले, देवळाकडे लगबगीने चाललेल्या स्त्रिया. ही माणसे पोस्टकार्डांवर छापली जाऊन आण्या-दोन आण्यांत घरोघर गेली. एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तकात मोहरम आणि गणेशचतुर्थीही आहे. त्याला चित्रे धुरंधरांची. ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० च्या ग्रंथालाही त्यांचीच. लुगड्याचा काष्टा, पदराची तऱ्हा, नथ, अंबाडा यांवरून बाई कोणत्या समाजातली ते ओळखावे, इतकी त्यांची नजर बारीक. त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे माणसे ताठरून उभी राहत; धुरंधरांच्या कागदावर ती चालतात, वळून पाहतात, क्वचित हसतातही.

यावर एक आक्षेप घेतला जातो. साहेबांच्या आल्बमसाठी काढलेले हे ‘नमुने’, यात कला ती कोणती? आक्षेप अगदीच खोटा नाही. गिऱ्हाईक पुष्कळदा साहेबच होते, आणि त्याला हवे ते धुरंधरांनी पुरवलेही. पण नमुना मागणाऱ्या साहेबाच्या हाती त्यांनी माणूस दिला. पुस्तकातले चित्र म्हणजे दुय्यम काम, हे आपल्याला कोणी शिकवले? त्या वेळच्या मुंबईतली कष्टकरी बाई कशी दिसे, कशी चाले, हे आज पाहायचे तर भव्य दरबारी चित्रांचा काय उपयोग?

१९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या अंबिका याही चित्रकार. वडिलांची चित्रे त्यांनी वर्षानुवर्षे जपली.