बाबासाहेबांचे प्राध्यापक जॉन ड्युई

तत्त्वज्ञान म्हटले की आपला कार्यकर्ता दचकतो. आत्मा, परमात्मा, मोक्ष यांचा काथ्याकूट म्हणजे तत्त्वज्ञान, असे त्याच्या मनावर पिढ्यानपिढ्या बिंबवले गेले आहे. नोकरीच्या बाजारात त्याचा उपयोग काय, असेही पालक विचारतात. मग अर्थशास्त्र शिकायला कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तत्त्वज्ञानाच्या वर्गात का बसले? याचे उत्तर त्यांच्या प्राध्यापकाच्या जीवनात सापडते. ते प्राध्यापक म्हणजे जॉन ड्युई.

ड्युई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन येथे झाला. वडील किराणा दुकानदार. पदवीनंतर ड्युईंनी काही काळ शाळेत शिकवले आणि १८८४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. १८९४ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले. तेथे १८९६ साली त्यांनी एक प्रायोगिक शाळा सुरू केली. मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करीत आणि त्यातूनच गणित, विज्ञान, इतिहास शिकत.

यामागे पक्का विचार होता. प्राचीन ग्रीसमध्ये कष्ट गुलामांनी करायचे आणि चिंतन धन्यांनी. म्हणूनच तेथील तत्त्वज्ञांनी ज्ञानाला श्रेष्ठ आणि श्रमाला हीन मानले, असे ड्युईंनी दाखवून दिले. हे ज्याला समजले, त्याला मनुस्मृतीने अध्ययन एकाकडे आणि सेवा दुसऱ्याकडे का दिली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

१९०५ पासून ड्युई कोलंबियात शिकवू लागले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या परिषदेत ते बोलले. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब त्यांचे विद्यार्थी झाले. ड्युई फर्डे वक्ते नव्हते. सावकाश, स्वतःशीच विचार करीत असल्यासारखे ते बोलत. काहींना तो तास कंटाळवाणा वाटे. पण ज्याने लक्ष दिले, त्याला विचार कसा करावा हे समोर घडताना दिसे.

त्यांची शिकवण साधी होती. जुन्या सवयीने अडचण सुटत नाही, तेव्हा माणूस विचार करू लागतो. कोणतीही कल्पना जुनी आहे म्हणून खरी ठरत नाही. तिचे परिणाम तपासावे लागतात. पूर्वजांचा सगळा वारसा पुढच्या पिढीच्या माथी मारायचा नसतो, निवडून द्यायचा असतो. लोकशाही म्हणजे केवळ मतपेटी नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे. १९१६ च्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथात हे विचार विस्ताराने आले आहेत.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ड्युईंचे ऋण जाहीरपणे मान्य केले. पण त्यांनी ड्युईंची पोपटपंची केली नाही. ड्युईंची विचारपद्धती त्यांनी जातिव्यवस्थेवर हत्यारासारखी चालवली. पुढे ते ज्या तथागतांना शरण गेले, त्यांनीही कालामांना हेच सांगितले होते की, ऐकीव आहे किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तो समारंभ ५ जूनला झाला. त्याआधी अवघे चार दिवस, १ जूनला, ड्युईंचे न्यूयॉर्कमध्येच वयाच्या ९२ व्या वर्षी निधन झाले होते. गुरू-शिष्यांची भेट राहून गेली.

आज बाबासाहेबांचे ग्रंथ आपल्या घराघरांत आहेत. पण आपण ते तपासून वाचतो, की पोथीसारखे पुजतो? आपल्या मुलामुलींनी डॉक्टर, इंजिनियर जरूर व्हावे. पण काहींनी तत्त्वज्ञानाकडेही वळावे आणि विहारातील अभ्यासवर्गात प्रश्न विचारण्याची मोकळीक असावी. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या प्रश्न विचारण्याची बंदी होती, त्याने मिळालेला प्रश्नाचा हक्क स्वतःहून गहाण टाकू नये. जयभीम!