वाद कोर्टात जाण्याआधी मिटावा म्हणून तालुके फिरलेले न्यायमूर्ती रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं नाव शाळेत समाजसुधारक म्हणून वाचलेलं असतं. पण शेतकरी आणि सावकार यांच्या भांडणात मध्यस्थी नीट होते की नाही, हे बघायला ते कितीतरी वर्षं तालुक्या-तालुक्यात फिरले, हे फार जणांना ठाऊक नाही.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. लहानपण कोल्हापुरात गेलं, पुढचं शिक्षण मुंबईत झालं. १८७१ साली ते न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. तिथे सार्वजनिक सभेचं काम करणारे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांची साथ मिळाली. कोर्टाचा खर्च आणि हेलपाटे वाचावेत म्हणून काकांनी पुण्यात लवाद कोर्ट चालवलं. दोन्ही बाजूंना मान्य असलेले पंच बसायचे आणि वाद मिटवायचे. रानडे स्वतः सरकारी न्यायाधीश, तरी या कामाच्या पाठीशी उभे राहिले.

त्याच काळात, मे १८७५ मध्ये, आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांचा उठाव झाला. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरलं. लोकांचा राग मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. सावकाराकडून रोखे काढून घेतले आणि जाळले. कारण उघड होतं. वाचता न येणाऱ्याने अंगठा दिलेला, आणि कोर्ट त्या कागदापलीकडे बघायचं नाही.

मग १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्यात घेतले. कोर्टाने नुसता रोखा न बघता मूळ कर्जापासूनचा हिशोब तपासायचा, हप्ते बांधून द्यायचे असं ठरलं. शिवाय सलोखा करणारी माणसं नेमली. आधी त्यांच्यापुढे जायचं, तिथे नाही जमलं तर त्यांचा दाखला घ्यायचा, मगच दावा लावायचा. जमलं तर करार लिहून कोर्टाकडे पाठवायचा, म्हणजे त्याला हुकूमनाम्याचं बळ यायचं.

१८८१ पासून या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करायचं काम रानड्यांकडे आलं. मुक्काम हलवत जायचं, खालच्या कोर्टांचे निकाल आणि कागद तपासायचे, चूक असेल तिथे दुरुस्त करायची. १८८७ साली ते याच कामाचे मुख्य, म्हणजे स्पेशल जज्ज झाले. १८९३ मध्ये मुंबई हायकोर्टात गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचं निधन झालं.

हे आज सांगायचं कारण असं की बांधाचा, वाटेचा, विहिरीच्या पाळीचा वाद आपल्याकडे अजून आहेच. २००७ पासून तंटामुक्त समित्या आल्या, लोक अदालतीही भरतात. तडजोड चांगलीच. पण एका बाजूला कागद वाचता येतो आणि दुसरी नुसती मान डोलावते, तेव्हा ती तडजोड नसते, दबाव असतो. म्हणून तर त्या कायद्यात सलोख्याबरोबर हिशोबाची तपासणीही होती. गावच्या मध्यस्थाने सही घेण्याआधी कागद दोघांपुढे मोठ्याने वाचावा. एवढं केलं तरी निम्मी भांडणं पुन्हा उकरून निघणार नाहीत.