पदवीविना प्राध्यापक : आचार्य धर्मानंद कोसंबी

आमच्या वसतिगृहातील विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारात उभा राहिला की प्रथम त्याची गुणपत्रिका मागितली जाते. ते रीतीला धरूनच आहे. परंतु जवळ एकही पदवी नसलेल्या एका माणसाला कलकत्ता, पुणे आणि हार्वर्ड येथील विद्यासंस्थांनी आपण होऊन बोलावले, हा इतिहास या स्मरणिकेत नोंदवावा असे आम्हांस वाटले.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम. तारुण्य नारळीच्या बागेच्या व्यवहारात गेले. 'बाळबोध' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्याने मनाची पकड घेतली. १८९९ साली संसार मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुण्यात व पुढे काशीत त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. काशीत ते अन्नछत्रात जेवत. येथे आम्हांस थांबावेसे वाटते. अन्नछत्राची ती पंगत आणि संस्कृताचे ते दार त्यांना जन्माने खुले होते. याच सुमाराच्या पिढीतील भीमराव आंबेडकरांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. स्वाध्यायालाही उंबरठा असतो, हे आपल्या मुलांना सांगितलेच पाहिजे.

मात्र पाली शिकविणारा गुरू महाराष्ट्रात त्यांना लाभला नाही, म्हणून ते नेपाळ, बुद्धगया असे फिरत १९०२ साली सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते शिकले, पुढे ब्रह्मदेशात राहिले. ग्रंथ सिंहली आणि ब्रह्मी लिपीत; त्या लिप्याही आत्मसात केल्या. परीक्षा कोणतीच दिली नाही.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात व नंतर विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. महाराष्ट्रात हे कार्य व्हावे म्हणून सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा त्यांनी सोडली. (१९१३ साली याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले.) डॉ. भांडारकरांच्या साह्याने पाली मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आली. १९१२ पासून सहा वर्षे ते फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक होते. ज्याने स्वतः पदवी घेतली नाही, त्याच्यापाशी शिकून बापटांसारखे पाली पंडित पदवीधर झाले!

हार्वर्डला ते चार वेळा गेले. १९१० साली त्यांना पाचारण झाले ते 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी. मूळ संपादक वॉरन १८९९ सालीच निवर्तले होते आणि काम अपुरे राहिले होते. परंतु श्रेय कोणाचे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि धर्मानंद परतले. विद्यापीठाला त्यांचे ज्ञान हवे होते. नाव छापताना हात आखडत होता, असे आमचे मत आहे. पुढे ते पुन्हा गेले व काम त्यांनी तडीस नेले.

१९३७ साली परळच्या कामगार वस्तीत त्यांनी 'बहुजनविहार' उभारला. विद्यापीठांतील मानापेक्षा हे कार्य आम्हांस अधिक जवळचे वाटते. १९४० साली 'विसुद्धिमग्ग' देवनागरीत त्यांनी मुंबईतून प्रसिद्ध केला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली निघाली. मुखपृष्ठामागील पानावर वॉरन यांच्यानंतर, संशोधक म्हणून, धर्मानंद कोसंबी हे नाव छापलेले आहे.