तळपदेंचा कागद कुठे आहे?

तुमच्या व्हॉट्सअॅपवर हा मेसेज एकदा तरी आलाच असेल. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी एका मराठी माणसानं मुंबईत विमान उडवलं, इंग्रजांनी ते दाबून टाकलं, खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा. छाती फुगते, बोट फॉरवर्डकडे जातं आणि दोन मिनिटांत मेसेज आसगावच्या ग्रुपमधून पवनीच्या, पवनीच्या ग्रुपमधून भंडाऱ्याच्या ग्रुपमध्ये पोहोचतो. त्या माणसाचं पूर्ण नाव काय, तो काय करायचा, त्याचं पुढे काय झालं, हे विचारलं तर मात्र बहुतेक जण गप्प. तर आज आधी त्या माणसाला भेटा. फॉरवर्डचं नंतर बघू.

त्याचं नाव शिवकर बापूजी तळपदे. जन्म १८६४चा, मुंबईतल्या पाठारे प्रभू समाजातला. वय लक्षात ठेवायला सोपं आहे. विल्बर राइटचा जन्म १८६७चा आणि ऑरव्हिलचा १८७१चा. म्हणजे तळपदे आणि राइट बंधू एकाच पिढीतले. एकाच काळात, पृथ्वीच्या दोन टोकांना, पक्ष्यांकडे बघणारी ही माणसं.

तळपदे हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. कलाशाळेतला शिक्षक विमानाच्या नादाला कसा लागला? त्यासाठी तेव्हाची मुंबई डोळ्यांपुढे आणावी लागेल. शहरात गिरण्यांची धुराडी उभी राहिलेली, रेल्वे धावू लागून चाळीसएक वर्षं झालेली, छापखाने जोरात. रोज काहीतरी नवं यंत्र बोटीतून उतरायचं आणि ते साहेबाचंच असायचं. शिकलेल्या तरुणाला प्रश्न पडायचा, आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं का? त्याच मुंबईत १८७५ मध्ये स्वामी दयानंद सरस्वतींनी आर्य समाज स्थापन केला. वेदांत विज्ञानाची बीजं आहेत, ती शोधा, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. तळपदेंचे गुरू चिरंजीलाल वर्मा यांनी त्यांना दयानंदांच्या लिखाणाकडे वळवलं, असं सांगतात. तळपदेंना संस्कृतची गोडी होतीच. जुन्या ग्रंथांतल्या विमानांच्या वर्णनांवरून खरं यंत्र उभं करायचं त्यांनी मनावर घेतलं. त्या यंत्राचं नाव मारुतसखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र.

इथून पुढची गोष्ट तुम्हाला माहीत असलेली. साल १८९५. जागा गिरगाव चौपाटी. माणूस न बसवता मारुतसखा आकाशात सोडलं जातं, ते पंधराशे फुटांपर्यंत चढतं आणि खाली कोसळतं. बघायला मोठी गर्दी. गर्दीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी. मग पैसा आटतो, घरात दुःखं येतात, काम थांबतं. १९१६ मध्ये तळपदे जातात आणि यंत्राचे अवशेष विकले जातात.

गोष्ट चटका लावणारी आहे. आता तिच्याकडे जरा वार्ताहराच्या नजरेनं बघू.

पहिली गोष्ट, ही कल्पना वेडगळ होती का? अजिबात नाही. १८७१ मध्ये पॅरिसच्या एका बागेत आल्फोन्स पेनो यानं पिळलेल्या रबराच्या ताकदीवर छोटं विमान उडवून दाखवलं होतं. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल ग्लायडरला लटकून टेकडीवरून झेपा घेत होता. १८९६ मध्ये अशाच एका झेपेत तो गेला. अमेरिकेत सॅम्युअल लँगली हा मोठा शास्त्रज्ञ वाफेच्या इंजिनावर चालणारं बिनमाणसाचं विमान बनवत होता. मुंबईतला एक कल्पक शिक्षक त्याच वेळी तसंच काही करून बघत असेल, तर त्यात नवल वाटायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट, फॉरवर्डमधली तुलनाच चुकलेली आहे. राइट बंधूंचं मोठेपण माणूस बसलेलं, स्वतःच्या इंजिनावर चालणारं आणि चालवणाऱ्याच्या ताब्यात राहणारं विमान उडवण्यात होतं. मारुतसखात माणूसच नव्हता. म्हणून तुलना करायची तर लँगलीशी करा. ६ मे १८९६ रोजी त्याचं बिनमाणसाचं विमान अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडालं. तिथे कोण हजर होतं माहितेय? टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्यानं उडत्या विमानाचा फोटो काढला आणि तो फोटो आजही बघता येतो.

आणि तिसरी गोष्ट इथेच येते. लँगलीच्या उड्डाणाचा फोटो आहे. तळपदेंच्या उड्डाणाचं काय आहे? त्या काळातला एकही विश्वासार्ह कागद कोणी पुढे आणलेला नाही. फोटो नाही, यंत्राचा आराखडा नाही, हजर माणसाचं पत्र नाही. वर्तमानपत्रातल्या बातमीचा उल्लेख सगळे करतात, पण अंकाची तारीख आणि कात्रण कोणी समोर ठेवत नाही. आज आपण जे वाचतो ते बहुतेक सगळं नंतरच्या लोकांनी ऐकून लिहिलेलं आहे.

आता अमेरिकेतला एक दिवस बघा. १७ डिसेंबर १९०३. नॉर्थ कॅरोलिनातला किटी हॉकजवळचा वाळूचा ओसाड किनारा. ना गर्दी, ना न्यायमूर्ती, ना महाराज. दोघे भाऊ आणि बघायला आलेले फक्त पाच जण. त्यातलाच एक जॉन डॅनियल्स, बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या किनाऱ्यावरच्या पथकातला माणूस. त्यानं तोवर कॅमेरा हातात धरलेला नव्हता. ऑरव्हिलनं कॅमेरा नेम धरून तिपाईवर लावून ठेवला आणि विमान उचललं की रबरी फुगा दाब, एवढंच त्याला सांगितलं. त्यानं तो वेळेवर दाबला. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं. त्या दिवसाचं चौथं आणि शेवटचं ५९ सेकंदांचं आणि ८५२ फुटांचं. थोड्याच वेळात वाऱ्याच्या झोतानं विमान उलटं होऊन मोडलं, ते पुन्हा कधी उडालं नाही.

हे सगळं आपल्याला इतकं बारीकसारीक कसं ठाऊक? कारण ऑरव्हिलनं त्या दिवशीचं सगळं डायरीत लिहून ठेवलं. वडिलांना केलेली तार जपली गेली. त्या तारेत चुकून ५९ ऐवजी ५७ सेकंद पडलंय आणि ऑरव्हिलच्या नावाचं स्पेलिंगही चुकलंय, तरी ती जशीच्या तशी आहे. १९०१ मध्ये घरच्या घरी हवेचा बोगदा बनवून पंखांचे शेकडो आकार तपासले, त्याचे आकडे त्यांच्या वह्यांत आहेत. विल्बरनं १८९९ मध्ये उड्डाणाबद्दलची पुस्तकं मागायला स्मिथसोनियन संस्थेला लिहिलेलं साधं पत्रसुद्धा त्या संस्थेनं फेकलं नाही. या दोघांकडे कॉलेजची पदवी नव्हती. डेटन गावात ते सायकली बनवायचे आणि दुरुस्त करायचे. पण लिहून ठेवायची सवय पक्की होती.

नशिबानंही परीक्षा घेतली. १९१३ मध्ये डेटनला महापूर आला आणि फोटोंच्या काचेच्या निगेटिव्ह पाण्याखाली गेल्या. काही खराब झाल्या. त्या प्रसिद्ध फोटोच्या निगेटिव्हचा तर एक कोपराच गेलाय, पण विमान आणि शेजारून पळणारा विल्बर शाबूत राहिले. १९४८ मध्ये ऑरव्हिल गेल्यावर पुढच्या वर्षी ही कागदपत्रं आणि सुमारे ३०० निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आल्या. कुटुंबाकडचे आणखी बरेच कागद डेटनच्या राइट स्टेट विद्यापीठात आहेत. आता यातलं कितीतरी मोबाइलवर फुकटात उघडतं. आसगावात बसूनसुद्धा.

तुम्ही म्हणाल, गोऱ्यांचं काय, त्यांचं ऐकणारे त्यांचेच. तसं नाही. राइट बंधूंनाही घरातच भांडावं लागलं. १९१४ मध्ये स्मिथसोनियननं लँगलीचं माणूस बसायचं विमान, जे १९०३ मध्ये दोनदा पाण्यात पडलं होतं, दुरुस्त करवून उडवलं आणि माणसाला घेऊन उडू शकणारं पहिलं विमान हेच, असं सांगायला सुरुवात केली. उडवणारा ग्लेन कर्टिस हा राइट बंधूंशी कोर्टात लढत होता. दुरुस्तीत मूळ यंत्रात किती बदल केले, हे मात्र झाकून ठेवलं. विल्बर तोवर गेलेला. ऑरव्हिल एकटा लढला. १९२८ मध्ये त्यानं आपलं विमान सरळ लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिलं. शेवटी १९४२ मध्ये स्मिथसोनियननं केलेले बदल छापून मान्य केले. १९४८ मध्ये विमान मायदेशी परतलं, तेव्हा ऑरव्हिल जिवंत नव्हता. देशातल्या सगळ्यात वजनदार संस्थेसमोर एक माणूस टिकला, कारण त्याच्या हातात वह्या, पत्रं आणि फोटो होते.

तळपदेंच्या हातात, किंवा त्यांच्या मागे, तसं काही उरलं नाही. आणि कागदाची जागा रिकामी राहिली की तिथे कोणीही येऊन बसतं. त्यांच्या नावाला वैमानिक शास्त्र नावाचं पुस्तक चिकटवलं गेलं. १९७४ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संशोधकांनी ते तपासलं. पुस्तक प्राचीन नाही, विसाव्या शतकातलं आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. २०१५ मध्ये मुंबईच्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद पेटला. त्याच महिन्यात तळपदेंवर बेतलेला हवाईजादा हा हिंदी सिनेमा आला. एक गट त्यांना देव करून मोकळा, दुसरा गट थट्टा करून मोकळा. या ओढाताणीत जे. जे.मधला तो शिक्षक, ज्यानं खरोखर लाकूड, कापड, पैसा आणि वर्षं घातली असतील, तो कुठेच दिसत नाही. त्यांनी काहीतरी बनवलं, पण ते उडालं नाही, असं उद्या कागदावरून कळलं तरी तळपदे लहान होणार नाहीत. लँगलीचं मोठं विमान दोनदा पडलं, तरी त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही, कारण त्याच्या चुकांचीसुद्धा नोंद आहे.

कागदाची किंमत आपल्या भागात कोणाला शिकवायची गरज नाही. जात पडताळणीसाठी कोणी किती खेटे घातले ते आठवा. आजोबा कोण होते ते अख्ख्या गावाला माहीत असतं, पण समितीपुढे गावाचं माहीत असणं चालत नाही. ओबीसी असाल तर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर १९५०च्या आधीचा. मग पणजोबांचा शाळेचा दाखला शोधा, तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढा. एका ओळीच्या नोंदीवर पोराची अॅडमिशन टिकते नाही तर जाते. स्वतःच्या आजोबांसाठी जो नियम आपण मुकाट मानतो, तोच तळपदेंसाठी मानायला काय हरकत आहे?

बरं, शोध संपलेला नाही. १८९५ साली मराठी, गुजराती आणि इंग्रजी वर्तमानपत्रं नियमित निघत होती. जुन्या फायली ग्रंथालयांत आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, नागपुरातही त्याचं कार्यालय आहे. इतिहासाच्या किंवा पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी यापेक्षा चांगला विषय कुठला? चौपाटीची बातमी सापडली तर तुम्ही देशाचा इतिहास बदलाल. वर्षभराच्या फायली चाळूनही सापडली नाही, तर कोणते अंक पाहिले त्याची यादी लिहून ठेवा. पुढच्याचे कष्ट वाचतील.

मुंबईला जाणं जमणार नसेल तर सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. गोसीखुर्दच्या पाण्यात आपल्या भागातली गावं गेली, त्यांच्या घरांचे, शाळांचे, जत्रांचे फोटो आज कोणाच्या तरी कपाटात वाळवीची वाट बघत पडलेत. फोटोच्या मागे पेन्सिलनं नावं, गाव आणि साल लिहा, पेनानं नको. जुना कागद लॅमिनेट करू नका, तो कायमचा खराब होतो. मोबाइलनं स्कॅन करा, पण मूळ प्रत टाकू नका. आजीला विचारा, ती आहे तोवर, आणि ती सांगेल ते तारीख टाकून वहीत उतरवा.

आणि पुढच्या वेळी तो मेसेज आला की पाठवणाऱ्याशी भांडू नका. एवढंच विचारा, तळपदेंबद्दलचा त्या काळातला कागद तुझ्याकडे आहे का? असेल तर आधी मला पाठव.