कोकणचे गाऱ्हाणे दिल्लीला नेणारे बॅरिस्टर नाथ पै

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे दिले. मी सातवीपर्यंत शिकलेली, संसारात रमलेली बाई. माझ्या लिहिण्यात विद्वत्ता नाही. तथापि ज्यांचे नाव सासरी-माहेरी लहानपणापासून ऐकत आले, त्यांच्याविषयी चार शब्द लिहावे असे मनात आले. दहिसरात आपल्या चाळींतून आणि इमारतींतून कोकणातली घरे पुष्कळ. त्या सगळ्यांना हे नाव परके नाही. ते नाव म्हणजे बॅरिस्टर नाथ पै.

नाथ पै यांचा जन्म 25 सप्टेंबर 1922 रोजी वेंगुर्ल्याला झाला. त्यांचे पाळण्यातले नाव पंढरीनाथ. वडिलांचे छत्र फार लहानपणी हरपले. आईने आणि वडील भावंडांनी त्यांना वाढविले. पुढचे शिक्षण बेळगावला व पुण्याला झाले. 1942 साली चले जाव चळवळ सुरू झाली, तेव्हा हा विद्यार्थी तीत उतरला. पोलिसांचा मार खाल्ला, तुरुंगवासही भोगला. स्वातंत्र्य मिळाल्यावर ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले.

तिकडे त्यांनी नुसती कायद्याची पुस्तके वाचली नाहीत. जगभरच्या समाजवादी तरुणांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ह्या भाषा त्यांना येत. संस्कृतही उत्तम येई. ऑस्ट्रिया देशातील क्रिस्टल नावाच्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. आपण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नांदायला गेलो तरी महिनाभर डोळे पुसत असतो. ही बाई आपला देश, भाषा, माणसे सोडून आली आणि सार्वजनिक कामात बुडालेल्या माणसाचा संसार तिने केला. नाथांचे चरित्र सांगताना तिला विसरून चालणार नाही.

त्याच सुमारास इंग्लंडात अन्यूरिन बेव्हन नावाचे मंत्री होते. ते वेल्स प्रांतातले, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्याचे पुत्र. स्वतःही तेराव्या वर्षापासून खाणीत उतरलेले. त्यांच्या गावच्या मजुरांनी वर्गणी काढून आपल्यापुरती औषधपाण्याची व्यवस्था केली होती. तोच धडा बेव्हन यांनी देशाला घालून दिला आणि 5 जुलै 1948 पासून तिकडे सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. गावचे दुखणे राजधानीत नेऊन मांडले तर साऱ्या देशाचे भले होऊ शकते, ते असे.

1957 साली संयुक्त महाराष्ट्राचे वारे जोरात वाहत होते. त्या निवडणुकीत नाथ पै प्रजासमाजवादी पक्षातर्फे राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पुढे 1962 आणि 1967 सालीही तेथील लोकांनी त्यांनाच निवडून दिले.

त्या वेळचे कोकण डोळ्यांपुढे आणावे. रत्नागिरी जिल्हा तेव्हा एकच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 साली. एवढ्या लांबलचक जिल्ह्यात रेल्वेचा एक रूळ नव्हता. गाडी धरायची तर घाट चढून कोल्हापूरला जावे लागे. मुंबईला यायचे तर बोट. माझ्या सासूबाई लग्नानंतर मालवणहून भाऊच्या धक्क्यावर बोटीनेच आल्या. किनाऱ्यापासून पडावात बसून बोट गाठायची, हातात ट्रंक, लाटा उसळत असायच्या आणि पोटात कालवाकालव. पावसाळ्यात तर बोटी बंदच. घरचे पुरुष मुंबईत गिरणीत नाहीतर गोदीत, आणि बायका गावी शेत, गुरे, म्हातारी माणसे सांभाळून मनीऑर्डरची वाट पाहत बसलेल्या. पोस्टमन म्हणजे त्या घरांना देवमाणूस.

हे सारे नाथ पै यांनी दिल्लीला नेले. लोकसभेत कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. सभासदाने आपला प्रश्न आगाऊ लिहून द्यायचा. काही प्रश्नांना मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतात. मग त्यावर उपप्रश्न विचारता येतात आणि मंत्र्यांना तिथल्या तिथे बोलावे लागते. बाकीच्यांची उत्तरे लेखी येतात. पाचशे सभासदांच्या त्या सभेत कोकणातल्या माणसाचे गाऱ्हाणे कोणी का ऐकावे? परंतु नाथांची वाणीच अशी होती की ते उभे राहिले म्हणजे सभागृह ऐके. पंडित नेहरूही त्यांचे भाषण लक्ष देऊन ऐकत, असे त्या काळच्या जाणत्यांनी लिहून ठेवले आहे. विरोधी बाकावर बसूनही त्यांच्या जिभेवर शिवी किंवा हेटाळणी नसे.

कोकण रेल्वेचा विषय त्यांनी कधी सोडला नाही. रेल्वेमंत्री बदलत गेले. 1964 ते 1967 या काळात तर मूळचे कोकणातलेच स. का. पाटील रेल्वेमंत्री होते. डोंगर फार, नद्या-खाड्या फार, खर्च फार, आणि त्या मानाने उत्पन्न थोडे, ही अडचण वर्षानुवर्षे पुढे केली गेली. 1966 साली दिव्याहून निघालेला रूळ पनवेलवरून आपट्यापर्यंत आला आणि तेथेच कितीतरी वर्षे अडून राहिला. तरीही नाथ विचारीतच राहिले.

पोस्टमन आणि इतर सरकारी नोकर यांच्याही बाजूने ते उभे राहिले. जुलै 1960 मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांनी पगारासाठी देशभर संप केला, त्याच्या पुढाऱ्यांत ते होते. सरकारने तो संप मोडून काढला. मनीऑर्डर घेऊन दारी येणाऱ्या माणसाच्या घरात काय शिजते, याची चौकशी करणारा खासदार म्हणून लोक त्यांना ओळखू लागले.

आणखी एक मोठे काम सांगितले पाहिजे. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात असा निकाल दिला की मूलभूत हक्कांना हात लावण्याचा अधिकार संसदेला नाही. लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला घटनादुरुस्तीचा पूर्ण अधिकार असला पाहिजे, असे नाथांचे मत होते. त्यांनी स्वतःचे विधेयक मांडले. एका साध्या सभासदाचे ते विधेयक नाथ पै बिल म्हणून देशभर गाजले. त्यांच्या हयातीत ते मंजूर झाले नाही. पण 1971 सालीच चोविसावी घटनादुरुस्ती झाली, ती त्याच वाटेने.

त्यांचे हृदय दुबळे झाले होते. तरी फिरणे थांबले नाही. बेळगाव-कारवारकडील मराठी माणसांचा प्रश्न त्यांच्या फार जिव्हाळ्याचा होता. 17 जानेवारी 1956 रोजी बेळगावात गोळीबारात माणसे बळी पडली, म्हणून तो दिवस तेथे हुतात्मा दिन पाळतात. 1971 साली त्या दिवसासाठी नाथ बेळगावला गेले, सभेत बोलले, आणि 18 जानेवारीस तेथेच त्यांचे प्राण गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. मागे पत्नी आणि दोन मुलगे. सासूबाई सांगतात, त्या दिवशी गावात कित्येक घरी चूल पेटली नाही.

पुढे राजापूरहून मधु दंडवते निवडून आले आणि त्यांनी कोकण रेल्वेचा हट्ट पुढे चालविला. 1990 साली कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांनी काम अंगावर घेतले. नव्वदांहून अधिक बोगदे खणले गेले आणि जानेवारी 1998 मध्ये रोह्यापासून मंगळुरूजवळपर्यंत, सुमारे 740 किलोमीटर, गाडी धावली. ज्यांनी तिच्यासाठी आपला आवाज खर्च केला, त्यांना जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती.

भगिनींनो, एवढे लिहिताना माझ्या मनात आपल्या मंडळाचा विचार येत होता. गल्लीतल्या नळाच्या वेळेसाठी आपण सह्या गोळा करून अर्ज दिला. उत्तर आले ते नकाराचे. पुन्हा लिहू असे ठरले, तर निम्म्या जणींनी सही करायचे नाकारले. लिहून काय उपयोग, असे म्हणाल्या. त्यांचा त्रागा मला समजतो. डोक्यावर हंडा असला म्हणजे धीर राहत नाही. पण नाथांना तर मंत्र्यांची नकारार्थी उत्तरे चौदा वर्षे ऐकावी लागली. ती उत्तरे फुकट गेली असे म्हणता येईल काय? प्रत्येक वेळी विचारल्याने मागणी जिवंत राहिली आणि पुढच्या माणसाला ती हातात घेता आली.

आपल्याकडचेच पाहा. पश्चिम उपनगरातल्या कोकणी माणसाला गावची गाडी धरायला बोचकी घेऊन दादर, दिवा नाहीतर पनवेल गाठावे लागे. आमच्याकडची मागणी किती वर्षांची! 29 ऑगस्ट 2024 रोजी वांद्रे ते मडगाव ही आठवड्यातून दोन दिवसांची गाडी बोरिवलीवरून सुरू झाली. दोन दिवस थोडेच आहेत, हे खरे. म्हणून तर विचारत राहिले पाहिजे.

आपल्या नळाचा दुसरा अर्ज मी लिहून ठेवला आहे. वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाला तो मंडळाच्या टेबलावर असेल. मागच्या वेळी ज्यांनी सही केली नाही त्यांनीही तो वाचावा, आणि पटले तर सही करावी, एवढीच विनंती.