वै. जोग महाराज आणि शिकणारी पोरं

वैकुंठवासी विष्णुबुवा जोग महाराजांचा जन्म १८६७ साली पुण्यात झाला. तरुणपणी त्यांना तालमीचा नाद होता. पुढं आळंदीला माउलींच्या समाधीपाशी त्यांनी तुळशीची माळ घातली आणि सारं आयुष्य पंढरीच्या वाटेला लावलं. लग्न केलं नाही, संसार थाटला नाही. ज्ञानेश्वरीचा, तुकोबारायांच्या गाथेचा रात्रंदिवस अभ्यास केला. सार्थ गाथा आणि सार्थ अमृतानुभव लिहून साध्या माणसाच्या हाती दिले.

त्या काळी कीर्तन शिकायचं तर एखाद्या फडावर राहायचं, बुवांच्या मागं टाळ धरून उभं राहायचं आणि कानावर पडेल तेवढं उचलायचं. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. एवढी जुनी मराठी गरिबाच्या पोराला कोण उलगडून सांगणार? आणि सांगणारा भेटला तरी शिकेपर्यंत त्या पोराच्या पोटाचं काय?

महाराजांनी दोन्ही गोष्टींचा विचार केला. १९१७ साली त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. विद्यार्थ्यानं माधुकरी मागावी, गावानं झोळीत भाकरी घालावी आणि बाकीचा वेळ पाठांतर व अर्थ यातच जावा. म्हणजे शिकवणारा गुरू आणि जेवू घालणारं गाव, दोघं मिळून एक कीर्तनकार घडवू लागले.

संस्थेला जेमतेम तीन वर्षं झाली आणि १९२० साली महाराज वैकुंठवासी झाले. पण त्यांनी तयार केलेली माणसं मागं होती. बंकटस्वामी, मारुतीबुवा गुरव, मामासाहेब दांडेकर यांनी काम पुढं नेलं. मामासाहेब तर तत्त्वज्ञानाचे एम.ए., पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा हा विद्वान आळंदीत खेड्यापाड्यांतल्या पोरांसमोर ज्ञानेश्वरी उघडून बसायचा. गुरूकडून मिळालेलं त्यांनी असं पुढच्यांना दिलं.

माउली हो, मेहरूणच्या आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. वाटेवरच्या वारकऱ्याला आपण भाकरी दिली, मुक्काम दिला. शिकणाराही वाटेवरचाच. गावातलं एखादं पोरगं आळंदीला निघालं, किंवा एखादी लेक जळगावात बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात संतवाङ्मयावर पीएच.डी. करू लागली, तर त्यांची विचारपूस दिंडीनं करावी. पुस्तकांना, गाडीभाड्याला हातभार लावावा. घरातल्या जुन्या अभंगांच्या वह्या फडक्यातून सोडून त्यांना पाहू द्याव्यात. म्हाताऱ्या टाळकऱ्यांनी पाठ असलेल्या चाली जवळ बसवून सांगाव्यात; तो माणूस गेला की चालही जाते.

पोथीला आपण रोज फूल वाहतो. ती वाचणारं पोर अर्ध्या वाटेवरून घरी परतू नये, एवढं आपण पाहिलं तर जोग महाराजांचं काम मेहरूणातही चालू राहील.

राम कृष्ण हरी.